कंपवात : वारशाचा भाग किती, राहणीचा किती?

वार्षिक अहवालात जमाखर्च व कामाचा आढावा यांच्या जोडीने एखाद्या आजाराची सविस्तर माहिती आपल्यापुढे ठेवावी, असा आमचा प्रयत्न असतो. या वेळी त्यासाठी आम्ही कंपवाताची, म्हणजेच पार्किन्सनच्या आजाराची निवड केली आहे. त्यामागे रुग्णांच्या नातेवाइकांकडून वारंवार येणारा एक प्रश्न आहे. रुग्णाची तपासणी आटोपली, औषधे समजावून झाली, की मुलगा किंवा सून दाराशी क्षणभर थांबते आणि आवाज खाली आणून विचारते, की हा आजार पुढे मुलांमध्ये उतरतो का?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसतो. घरात लग्नाची मुलगी असते. वडिलांच्या हाताचा कंप पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांना आतल्या खोलीत बसविले जाते. कोठे हा आजार घराण्याचा दोष मानला जातो, तर कोठे देवस्कीचा भाग. अशा लपवाछपवीत उपचाराची मोलाची वर्षे निघून जातात. यास्तव वारसा आणि राहणी यांचा या आजारातील वाटा आजच्या शास्त्राला जितका उलगडला आहे, तितका साध्या शब्दांत सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

आजाराचे स्वरूप

लंडनचे वैद्य डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे पहिले सुसंगत वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे आयुर्वेदाच्या परंपरेत ‘कंपवात’ हे नाव पूर्वीपासून रूढ आहे.

आपल्या मेंदूच्या खोल भागात गडद रंगाच्या पेशींचा एक लहानसा पुंज असतो. या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, ती सफाईने चालू ठेवणे आणि वेळेवर थांबविणे यांसाठी हे रसायन लागते. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. त्यांच्यात अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात, आणि पेशींना ऊर्जा पुरविणारी यंत्रणाही मंदावते. हातास कंप सुटतो तोवर या पेशींचा मोठा हिस्सा निकामी झालेला असतो. म्हणजे आजार दिसू लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी तो सुरू झालेला असतो. बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणे किंवा ओरडणे, वास न येणे ही लक्षणे काही रुग्णांत कंपाच्या अनेक वर्षे आधी दिसतात. अर्थात, बद्धकोष्ठ झाले किंवा तव्यावरच्या बांगड्याचा वास आला नाही म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. या तक्रारींची साधी कारणेच अधिक असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता.

सर्वांत मोठे कारण : वय

वारसा आणि राहणी यांकडे वळण्याआधी वयाचा विचार करावा लागतो, अन्यथा आकडे दिशाभूल करतात. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. नादिर भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन १४,०१० व्यक्तींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. पाहणीत ४६ जणांना कंपवात आढळला, म्हणजे दर लाखामागे सुमारे ३२८. याउलट काश्मीरच्या ग्रामीण भागातील एका पाहणीत, जिचे निष्कर्ष १९९४ साली आले, हे प्रमाण लाखामागे अवघे १४ निघाले.

हे आकडे शेजारी ठेवले, की पारशी समाजाच्या रक्तातच काही दोष असावा, असे कोणासही वाटेल. परंतु पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे, तर काश्मीरच्या त्या खेड्यांत मुले व तरुण अधिक होते. काश्मीरमध्ये केवळ साठीपुढील व्यक्ती मोजल्या, तेव्हा प्रमाण लाखामागे २४७ वर गेले. मुंबईच्या आकड्यास वयाची दुरुस्ती लावली, तेव्हा तो १९२ पर्यंत खाली आला. जे अंतर वारशाचे भासत होते, त्यातील मोठा भाग वयाचा होता.

आपल्या जिल्ह्यास ही गोष्ट तंतोतंत लागू पडते. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना आपली घटली. कमावत्या वयाची मंडळी मुंबई, पुणे, गोव्याकडे जातात आणि मागे घर, बाग व वडीलधारी माणसे राहतात. यापुढे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या वाड्यांत कंपवाताचे रुग्ण अधिक दिसू लागले, तर त्याचे पहिले कारण आपली माणसे दीर्घायुषी होत आहेत आणि गावात ज्येष्ठांची संख्या मोठी आहे, हेच असेल.

वारशाचा वाटा

१९९७ साली इटालियन वंशाच्या एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासातून कंपवातास कारणीभूत ठरणारे पहिले जनुक सापडले. अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन बनविण्याची सूचना याच जनुकात असते. १९९८ साली जपानी संशोधकांनी ‘पार्किन’ हे जनुक शोधले. २००४ साली ‘एलआरआरके-२’ या जनुकातील दोष उजेडात आला. त्याचा एक प्रकार उत्तर आफ्रिकेतील अरब-बर्बर आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत बराच आढळतो. भारतीय रुग्णांत मात्र तो दुर्मीळ आहे. परदेशातील चाचणीचा निष्कर्ष आपल्या कुटुंबास जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळेच.

पार्किन जनुकाची गोष्ट आपल्या समाजाच्या दृष्टीने समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मिळते. पार्किनच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच आजार होतो, आणि तो बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतो. एकच प्रत सदोष असलेले आईवडील स्वतः निरोगी राहतात. दोघांकडेही तशी प्रत असेल, तर प्रत्येक अपत्यास आजाराची शक्यता चारात एक असते. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. नात्यातील वधूवरांना एकाच पूर्वजाकडून तीच सदोष प्रत मिळालेली असण्याची शक्यता परक्यांपेक्षा अधिक असते. असे प्रत्येक लग्न धोक्याचे असते, असा याचा अर्थ नव्हे. मात्र तरुणपणी कंपवात झालेल्या रुग्णाचे आईवडील नात्यातील असतील, तर ही माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी.

एकाच जनुकातील स्पष्ट दोषामुळे होणारा आजार एकूण रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांत दिसतो. उर्वरित रुग्णांत वारसा असतोच, परंतु तो अनेक लहान वाट्यांत विभागलेला असतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणात जनुकीय रचनेतील असे ९० फरक आढळले. त्यांतील बहुतेक फरक एकेकटे जोखीम अगदी किंचित कमीअधिक करतात. आपणा प्रत्येकात त्यांपैकी काही असतातच.

कलम आणि जमीन

वारसा सारखा असूनही परिणाम वेगळा कसा होतो, हे आपल्या बागायतदारांस निराळे सांगावयास नको. हापूसची बाग कोयीपासून नव्हे, कलमांपासून लावतात. एकाच झाडाच्या काड्यांपासून बांधलेल्या कलमांचा वारसा एकच असतो. तरीही देवगडच्या कातळावरील खाऱ्या वाऱ्यातले कलम आणि घाटापलीकडे नेऊन लावलेले कलम यांचे फळ सारखे येत नाही. जमीन, पाणी, वारा व निगा यांचा त्यात भाग असतो.

मनुष्यांत हीच परीक्षा जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने होते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिक असलेल्या १९,८४२ जुळ्या पुरुषांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीनंतर आजार झालेल्यांत एक विलक्षण गोष्ट आढळली. एका भावास आजार असता दुसऱ्यास तो असण्याचे प्रमाण एकरूप जुळ्यांत आणि साध्या जुळ्यांत जवळजवळ सारखेच होते. आजार केवळ वारशाने ठरत असता, तर एकरूप जुळ्यांत ते पुष्कळ अधिक असावयास हवे होते. ज्या चार एकरूप जोड्यांत आजार पन्नाशीच्या आत सुरू झाला, तेथे मात्र चारही ठिकाणी दोन्ही भाऊ आजारी होते. यावरून तरुणपणीच्या आजारात वारसा बलवान आणि उतारवयातील आजारात तो मर्यादित, असे म्हणता येते. कंपवाताचे बहुतांश रुग्ण या दुसऱ्या गटातले असतात.

परिसराचा वाटा

केवळ बाहेरील पदार्थानेही असा आजार होऊ शकतो, हे १९८२ साली कॅलिफोर्नियात दिसले. बेकायदा बनविलेल्या अमली पदार्थात एमपीटीपी नावाचे रसायन अनवधानाने तयार झाले होते. ते टोचून घेणारे काही तरुण थोड्याच दिवसांत ताठरले आणि त्यांच्या हालचाली वृद्ध कंपवाती रुग्णासारख्या मंदावल्या. या रसायनाचे शरीरात जे रूपांतर होते, त्याची घडण पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे शेतीच्या रसायनांकडे संशोधकांचे लक्ष गेले.

२०११ साली अमेरिकेतील फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या अभ्यासात असे आढळले, की पॅराक्वाट किंवा रोटेनोन वापरलेल्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीचपट होते. रोटेनोन हे डेरिस जातीच्या वेलींच्या मुळांतून मिळते, आणि मासे गुंगवून पकडण्यासाठी अनेक देशांत त्याचा वापर झालेला आहे. वनस्पतीपासून मिळालेली वस्तू निरुपद्रवीच असते, हा समज किती फोल आहे, हे यावरून ध्यानी यावे.

डोक्यास जोराचा मार लागून शुद्ध हरपणे आणि मधुमेह यांचाही कंपवाताच्या वाढत्या जोखमीशी संबंध दिसतो. उलट, नियमित व्यायाम करणाऱ्यांत आणि कॉफी पिणाऱ्यांत हा आजार काहीसा कमी आढळतो. धूम्रपान करणाऱ्यांतही तो कमी दिसतो. मात्र तंबाखूने होणारा कर्करोग, हृदयविकार व फुप्फुसांचे आजार पाहता, कोणीही त्याचा आधार घेऊन विडी ओढू नये.

दोन्ही एकत्र येतात तेव्हा

वारसा व राहणी यांच्या वाट्यांची केवळ बेरीज होत नाही. कित्येकदा एकाच्या उपस्थितीत दुसऱ्याचे बळ अनेक पटींनी वाढते. याची दोन उदाहरणे येथे देतो.

शरीरातील विषारी द्रव्यांचा निचरा करणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक, ज्याला ‘जीएसटीटी-१’ म्हणतात, काही व्यक्तींत जन्मतःच नसते. एरवी त्यांना त्याची जाणीवही होत नाही. २०१२ साली वर उल्लेखिलेल्या शेतकरी गटातील पुरुषांत असे दिसले, की हे जनुक शाबूत असलेल्यांनी पॅराक्वाट वापरले असता जोखीम सुमारे दीडपट होती, तर जनुक नसलेल्यांनी ते वापरले असता ती अकरापट झाली. अभ्यासात रुग्ण होते अवघे ८७. त्यामुळे नेमका आकडा पक्का मानता येत नाही. परंतु फरकाची दिशा स्पष्ट आहे.

दुसरे उदाहरण डोक्याच्या दुखापतीचे. अल्फा-सिन्युक्लिनच्या जनुकापाशी असलेला एक भाग काहींत लांब तर काहींत आखूड असतो. २०१२ च्याच एका अभ्यासात, लांब भाग असलेल्यांना डोक्यास मार लागला असता जोखीम सुमारे साडेतीनपट दिसली. आखूड भाग असलेल्यांत असा संबंध आढळला नाही.

दोन शेजारी एकाच बागेत, एकाच पंपाने फवारणी करतात. एकास आजार होतो व दुसरा नव्वदी गाठतो, याचा काही उलगडा येथे होतो. आपल्या शरीरात कोणते जनुक आहे, हे आपण निवडू शकत नाही आणि बहुतेकांस ते ठाऊकही नसते. हातमोजे घालावयाचे की नाही, हे मात्र आपल्याच हाती असते. याच शेतकऱ्यांच्या २०१५ सालच्या अभ्यासात पॅराक्वाट व परमेथ्रिन यांचा कंपवाताशी संबंध दिसला, तो फवारणीच्या निम्म्यापेक्षा कमी वेळा हातमोजे वापरणाऱ्यांतच.

आपल्या किनारपट्टीपुरते

आंब्यास मोहोर आला, की तुडतुडे व भुरीसाठी फवारण्या सुरू होतात. काजूच्या बागांत व बांधांवर गवत मारण्याचे औषध वापरले जाते. ही कामे थांबवा, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांवर घरे चालतात. परंतु पुढील काळजी प्रत्येकाने घ्यावी, अशी विनंती आहे.

औषध हाताने ढवळू नये. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला मास्क व डोळ्यांस चष्मा वापरावा. उंच झाडावर फवारताना तुषार अंगावर येतात. म्हणून वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून उभे राहावे आणि समुद्रावरून जोराचा वारा सुटला असता काम थांबवावे. फवारणीच्या वेळी पान, तंबाखू वा खाणे टाळावे. घरी येताच साबणाने आंघोळ करावी व ते कपडे वेगळे धुवावेत; हे कपडे धुणाऱ्या स्त्रीनेही हातमोजे वापरावेत. रिकामे डबे पाण्यासाठी किंवा धान्यासाठी वापरू नयेत. पंप विहिरीच्या काठावर धुऊ नये. शक्य तेथे तणनाशकाऐवजी ग्रास कटरने गवत काढावे.

माडावर वा आंब्यावर चढताना दोर व पट्टा, दुचाकीवर हेल्मेट, रोज अर्धा-पाऊण तास झपाट्याने चालणे, आणि मधुमेह व रक्तदाब यांवर नियंत्रण या गोष्टी कंपवाताखेरीज इतर अनेक आजारांतही उपयोगी पडतात. त्यांचे पालन केल्याने कंपवात टळेलच, अशी हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. ज्यांना आजार झाला, त्यांनी राहणीत काही चूक केली, असा निष्कर्ष तर कदापि काढू नये.

मुलांना काय सांगावे?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. पाश्चात्त्य देशांतील अंदाजानुसार सर्वसामान्य माणसास आयुष्यभरात कंपवात होण्याची शक्यता शंभरात एक ते दोन असते. आई, वडील किंवा भावंडास आजार असता ती सुमारे दुप्पट ते तिप्पट होते, म्हणजे शंभरात साधारण तीन ते सहा. याचाच अर्थ असा, की रुग्णाच्या शंभर मुलांपैकी चौऱ्याण्णव किंवा त्याहून अधिक जणांस हा आजार होत नाही. वडिलांस सत्तरीत कंपवात झाला, या कारणाने मुलीचे लग्न अडण्यास शास्त्राचा कोणताही आधार नाही.

जनुकीय चाचणी बहुतेक कुटुंबांस आवश्यक नसते. आजार चाळिशी-पन्नाशीच्या आत सुरू झाला असेल, घरातील अनेकांस तो असेल, किंवा तरुण रुग्णाचे आईवडील नात्यातील असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घेऊन चाचणीचा विचार करावा. चाचणीपूर्वी समुपदेशन अवश्य घ्यावे. सदोष जनुक आढळलेल्या प्रत्येकास आजार होतोच असे नाही, आणि निरोगी तरुणाच्या हाती असा कागद देऊन आयुष्यभराची धास्ती लावणे हितावह नाही.

मुंबईहून चवथीस घरी येणाऱ्या मंडळींना आमचे एक सांगणे आहे. वर्षभराने भेटलेल्या मुलाला जे दिसते, ते रोज सोबत असणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. चालताना वडिलांचा एक हात हलत नाही, अक्षर बारीक झाले आहे, चेहऱ्यावरचे हसू मावळले आहे, सदऱ्याचे बटण लावण्यास वेळ लागतो, यांपैकी काही दिसल्यास ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. त्यांस तपासणीसाठी घेऊन या. कंपवात आजही पूर्णतः बरा होत नाही. पण औषधे, व्यायामोपचार व घरच्यांची साथ यांमुळे रुग्ण अनेक वर्षे स्वतःची कामे स्वतः करू शकतो. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि २००१ साली मुंबईत स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या संस्थांच्या कार्यातून हेच दिसून आले आहे.

विश्वस्त व देणगीदारांपुढेही आम्ही हाच विचार ठेवू इच्छितो. जनुकांविषयीच्या बातम्या वाचून महागड्या चाचण्यांकडे मन ओढले जाणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या किनाऱ्यावरील कंपवाती रुग्णाची आजची गरज साधी आहे : खंड न पडता मिळणारी औषधे, आठवड्यातून काही वेळा व्यायाम करवून घेणारा प्रशिक्षित माणूस, बांबोळी वा कोल्हापूरच्या तज्ज्ञांकडे नेण्याची सोय, आणि फवारणी करणाऱ्या गड्याच्या हाती चांगल्या हातमोज्यांची एक जोडी. वारसा आपणांस बदलता येत नाही. या चार गोष्टी मात्र आपल्या सर्वांच्या सहकार्याने साध्य होण्याजोग्या आहेत.